चार फूट सात इंच आणि एक सूत

बायको गेल्यावर घरात दोन माणसं उरली. मी आणि सून. मुलगा जहाजावर असतो, वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर. म्हणजे सासरा आणि सून, दोघांनी एका छपराखाली राहायचं, आणि एकमेकांशी काय बोलायचं ते दोघांनाही ठाऊक नाही. बायको होती तेव्हा आमचं बोलणं तिच्यातून जायचं. मला आमटी खारट लागली तर मी बायकोला सांगायचो, ती सुनेला सांगायची, आणि सुनेचं उत्तर त्याच वाटेनं परत यायचं, थोडं गोड होऊन. ती वाटच बंद झाली. मग मी खारट आमटी खायला लागलो.

माझं शिक्षण चौथी. आमच्या सांडोरात बहुतेकांच्या केळीच्या वाड्या, पण आमची वाडी दोन बिछाने टाकावेत एवढी, म्हणून बापानं माझ्या हातात थापी दिली. तेव्हापासून गवंडीकाम केलं. वसईत माझ्या हातच्या भिंती किती आहेत ते मी मोजलं नाही. पडलेली एकही नाही, हे मात्र सांगतो. हे मी फुशारकीनं सांगतोय असं वाटेल. तसंच समजा. पुढे जे सांगायचंय त्यासाठी ते आधी सांगायला हवं.

सून माणिकपूरच्या एका शाळेत खेळ शिकवते. मागल्या ऑक्टोबरात एका रविवारी मी चर्चमधून, मिस्सेहून आलो तर ओटीवर एक लांब काळी पेटी. मला वाटलं गिटार. गावात लग्नाला वाजवणारी पोरं अशाच पेट्या घेऊन हिंडतात.

"पप्पा, एक विचारायचं होतं," ती म्हणाली.

"विचार."

"आपलं घर आतून किती लांब आहे? पुढच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत?"

असा प्रश्न मला बऱ्याच वर्षांत कोणी विचारला नव्हता. बरं वाटलं. "पस्तीस फूट," मी म्हटलं. "का? विकायला काढलंस?"

ती हसली आणि तिनं पेटी उघडली. आत रायफल. पोलिसाच्या खांद्यावर असते तसली नाही, हवेवर चालणारी, छर्ऱ्याची. पण साधीही नाही. जागोजागी स्क्रू, गालाला टेकायला वेगळी फळी, खांद्याला वेगळी. कॉलेजात ही चालवायची, स्पर्धांना जायची. लग्न झालं, मग सासूचं दुखणं आलं, तिचा सगळा वेळ त्यात गेला. आठ महिने तिनं माझ्या बायकोला उचललं, बसवलं, पुसलं. त्या आठ महिन्यांत मला एकदाही कळलं नाही की ही काहीतरी सोडून आमच्या घरात उभी आहे.

रायफल तिची नव्हती. कॉलेजातल्या मैत्रिणीची होती. त्या मैत्रिणीचा खांदा गेला, तिनं खेळ सोडला. तिनं सांगितलं होतं, मार्चपर्यंत वापर. मार्चच्या शेवटी मुंबईला पात्रता फेरी आहे. त्यात पात्र झालीस तर तुझ्याकडेच ठेव. नाही झालीस तर दुसऱ्या एका मुलीनं मागितली आहे, तिला देईन.

"आणि मग तू?" मी विचारलं.

"मग मी गप्प. एकतिसावं चालू आहे, पप्पा. पुन्हा पुन्हा कोण देणार?"

नेमबाजीची रेंज मुंबईत. शाळा सोमवार ते शनिवार. तिथं महिन्यातून एखादा रविवार मिळणार. बाकीचा सराव घरी, छर्ऱ्याशिवाय. नुसतं उभं राहायचं, नेम धरायचा, घोडा दाबायचा, आणि दाबताना नळी हलली का ते बघायचं.

"मग लागलं की नाही ते कळतं कसं?"

"लागत नाहीच. हललं नाही, एवढंच कळतं."

"म्हणजे सिमेंटच्या मालाशिवाय विटा रचायच्या."

"तसंच," ती म्हणाली. सासू गेल्यापासून आमचं एवढं लांब बोलणं हेच पहिलं.

तिला लागायचे दहा मीटर. आमच्या घराच्या तिन्ही खोल्या एका ओळीत आहेत, ओटी, मधली खोली, स्वयंपाकघर आणि त्याला लागून पडवी, आणि सगळी दारं समोरासमोर. पुढच्या दारात उभं राहिलं की मागच्या पडवीची भिंत दिसते. वारा खेळावा म्हणून बायकोनं तसं करून घेतलं होतं. सुनेनं ओटीवर उभं राहायचं आणि पडवीच्या भिंतीवर टार्गेट लावायचं असं ठरलं.

मधल्या खोलीत बायकोची खाट अर्ध्या दारावर यायची. ती गेल्यापासून कोणी हलवली नव्हती. सुनेनं खाटेकडे बघितलंही नाही. मीच एका टोकाला धरलं आणि म्हटलं, "उचल." भिंतीला नेऊन लावली. खाटेचे चार पाय जिथं होते तिथं लादीचा रंग वेगळा निघाला.

पडवीच्या भिंतीवर बायकोची खुंटी. तिच्यावर तिची गवताची टोपी, केळीची पानं कापायचा कोयता आणि एक पिशवी, तिच्यात दोरा आणि वाळलेल्या वालाच्या बिया. सात महिने ती भिंत मी झाडली नव्हती. टोपी मी मुलाच्या कपाटात ठेवली. कोयता वापरात घेतला. बिया पेरायला हव्या होत्या, नाही पेरल्या. त्या अजून आहेत.

मग काम. कामाचं मला बरं वाटतं.

तिनं कागद आणला होता. चौकोनी पुठ्ठा, मधे बाटलीच्या बुचाएवढं काळं, आणि त्या काळ्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका, सुईनं टोचल्यासारखा. त्या ठिपक्याला दहा गुण. मी चष्मा लावून बघितलं. जवळूनसुद्धा मला तो दोनदा शोधावा लागला.

"हा तुला ओटीवरून दिसतो?"

"दिसत नाही. तो कुठं आहे ते माहीत असतं."

अंतर मी टेपनं घेतलं. बत्तीस फूट पावणेदहा इंच. ओटीवर तिच्या पायांसाठी पांढऱ्या रंगाची रेघ मारली. टार्गेट लावायला एक फळी रंधून घेतली, तिला पांढरा रंग दिला. वर एक बल्ब लावला आणि डालड्याच्या जुन्या डब्याचा पत्रा कापून त्याला झाकण केलं, म्हणजे उजेड कागदावर पडेल आणि तिच्या डोळ्यात जाणार नाही.

"उंची किती?" मी विचारलं.

"जमिनीपासून एक मीटर चाळीस. काळ्याच्या मध्यापर्यंत."

चार फूट सात इंच आणि एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्या धंद्यात ते अजून चालतं. मी पडवीच्या लादीवर टेप टेकवला, वर नेला, पेन्सिलीनं खूण केली. पुन्हा मोजलं. फळी ओळंब्यात घेतली. खिळे मारले. सून मागे उभी होती. तिच्या हातातही एक टेप होता, तो तिनं उघडलाच नाही.

"तू मोजून घे," मी म्हटलं.

"तुम्ही लावलंय, पप्पा. परत काय मोजायचं?"

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी साडेपाचला सुरू. तिनं मला एक नियम शिकवला. रायफल हातात घेतली की आधी ती उघडून मला दाखवायची. मी आत बघायचं आणि म्हणायचं, "रिकामी." मी म्हटल्याशिवाय ती रेघेवर उभी राहायची नाही. छर्ऱ्यांचा डबा तर घरात ठेवायचाच नाही, तो शाळेच्या कपाटात, कुलपात. आणि रिकामी असली तरी तिच्या आणि भिंतीच्या मधून कोणी जायचं नाही. म्हणून मी पडवीच्या दाराबाहेर पायरीवर बसायचो, चहाचा कप घेऊन, राखणीला.

राखण करावी लागायची. पाचूबंदरची एक कोळीण आमच्याकडे वर्षानुवर्षं येते. माझ्या बायकोची मैत्रीण. तिला मागच्या दारातून थेट चुलीपर्यंत यायची सवय. एकदा मी नळावर गेलो तेवढ्यात ती पाटी घेऊन आत शिरली आणि समोर बघते तो ओटीवर सून नेम धरून.

ती जागेवरून हलली नाही. पाटी डोक्यावर तशीच ठेवून म्हणाली, "काय गो, काल बोंबील नरम निघाले म्हून गोली घालतेस?"

सुनेनं रायफल खाली केली. "नाय हो मावशी, रिकामी हाय."

"रिकामी तर पाटी पन व्हनार हाय, आधी बघ तरी." मग माझ्याकडे वळून, "म्हातारा कंचा पहारा करतो? पानी भरतो का पहारा करतो, एक काय ते ठरव." त्या दिवशी सकाळी घरात तीन माणसं हसली. नंतर कोळीण पायरीवर माझ्या शेजारी बसली. भिंतीवरची खुंटी रिकामी आहे हे तिनं बघितलं होतं. "टोपी खं गेली?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "बरा केलास," आणि उठली.

डिसेंबर गेला. नाताळात मुलाचा फोन आला, सून त्याला सांगत होती, सराव छान चाललाय. खोटं नव्हतं. मी पायरीवरून ऐकायचो. घोड्याचा आवाज येतो, बारीक, नख मोडल्यासारखा. सुरुवातीला दोन आवाजांत अंतर कमीजास्त व्हायचं. जानेवारीपर्यंत ते एकसारखं झालं. श्वास, थांबणं, टिक. श्वास, थांबणं, टिक. चांगला गवंडी विटा लावतो तेव्हा अशीच लय लागते. मला कळतं ते.

पण रेंजवर गुण येत नव्हते. पहिले दहा-पंधरा नेम नीट, मग खाली उतरायला लागायचे. एका फेरीत साठ मारायचे असतात. चाळीसनंतर तिची पाठ धरायची. प्रत्येक वेळी घरी आली की तोंड लहान. मी विचारायचो, "काय झालं?" ती म्हणायची, "मीच कमी पडते."

फेब्रुवारीत ती रेंजहून आली आणि जेवताना म्हणाली, "तिथले सर म्हणतात, तू खाली येऊन थांबतेस आणि मग पाठीनं ढकलून वर नेतेस. अंगाला कुणीतरी खालचं शिकवलंय. म्हणजे काय तेच मला कळत नाही. मी तर रोज तेच करते."

मी म्हटलं, "सराला काय कळतं."

हे मी बोललो. लिहून ठेवतो.

मार्चमध्ये बायकोला वर्ष होणार होतं. वर्षाची मिस्सा, मग घरी चार माणसं येणार. आदल्या आठवड्यात शनिवारी सून शाळेत गेली आणि मला वाटलं, घर धुऊन काढावं. बायको दर शनिवारी धुवायची. ओटीवर बादल्या ओतायची आणि खराटा घेऊन मागे मागे जायची. ती गेल्यापासून फरशी फडक्यानंच पुसली जात होती. सुनेला वेळ नाही आणि मला आठवण नाही.

मी ओटीवर एक बादली ओतली आणि खराटा आणायला वळलो. परत बघतो तर पाणी निघालेलं. कोणी ढकललं नाही, काही नाही. ओटीवरून मधल्या खोलीत, मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात, सरळ रेघेत, घाई नाही. मी त्याच्या मागून चालत गेलो. ते पडवीत पोचलं, टार्गेटच्या खाली भिंतीला जमलं, आणि मग कोपऱ्यातल्या मोरीतून केळीत उतरलं.

मी तिथंच लादीवर बसलो. गुडघे मला बसू देत नाहीत, तरी बसलो.

घर बांधलं तेव्हा बायको म्हणाली होती, जमिनीला उतार दे, मला पाणी ओढत बसायला लावू नकोस. आम्ही घरात आमच्या बोलीत बोलायचो, इथं सगळ्यांना कळेल असं लिहितो. मी म्हटलं, गवंड्याच्या स्वतःच्या घराची जमीन उतरती? लोक हसतील. ती म्हणाली, लोक धुवायला येणार नाहीत. तीन दिवस भांडण. शेवटी मी दिला उतार. मधल्या दारांना उंबरठेसुद्धा ठेवले नाहीत, पाणी अडू नये म्हणून. पण तो उतार माझ्या मनाला इतका लागला की मी लोकांना सांगायचो, माझी जमीन काचेसारखी सपाट आहे, गोटी ठेवा, हलणार नाही. सांगून सांगून मला तेच खरं वाटायला लागलं. उतार तिचा होता, धुणं तिचं होतं, ती गेली आणि मी दोन्ही विसरलो.

मी माळ्यावरून लेव्हलची नळी काढली. साधी पारदर्शक रबरी नळी, तिच्यात पाणी भरायचं, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर उभं राहतं. तिला फसवता येत नाही. एक टोक ओटीवर सुनेच्या रेघेपाशी बांधलं, दुसरं पडवीत. तीन इंच दोन सूत. ती उभी राहते त्या जमिनीपेक्षा पडवीची जमीन एवढी खाली. ती म्हणाली होती जमिनीपासून. जमीन कुठली, हे मी विचारलं नव्हतं. तिच्या पायाखालची धरायची होती. मी टार्गेटच्या खालची धरली. पाच महिने ती पोर तीन इंच खालचा नेम शिकत होती, रोज, अंग मोडून, आणि रेंजवर जाऊन स्वतःलाच दोष देत होती.

आता जे केलं तेही सांगतो.

फेरीला पंधरा दिवस होते. मी ठरवलं, सांगायचं नाही. टार्गेट गुपचूप वर घ्यायचं. तिचं अंग हळूहळू वळेल, गुण येतील, तिला वाटेल तिचीच मेहनत. मी खिळे काढले. तीन इंच दोन सूत वर नवी खूण केली, नळीनं तपासली, फळी ठोकली. जुनी भोकं बुजवली. माझ्यासारख्याला भोक बुजवायला किती वेळ? वर चुन्याचा हात मारला. सून आली तोवर भिंत वाळलेली.

दुसऱ्या दिवशी रविवार, तरी ती साडेपाचला उठली. रायफल उघडली, मी म्हटलं, "रिकामी." ती रेघेवर उभी राहिली. गाल टेकवला. मी पायरीवर. श्वास ऐकू आला. मग काहीच नाही.

"पप्पा."

"काय?"

"टार्गेट वर गेलंय."

मी म्हटलं, "धुताना काढलं होतं. परत लावलं."

ती रायफल ठेवून चालत पडवीत आली. भिंतीवरून हात फिरवला, जिथं भोकं होती तिथंच. ओल अजून आतून गेली नव्हती. मग तिनं टेप आणला आणि पहिल्यांदाच स्वतः मोजलं.

"चार फूट दहाच्या वर जातंय," ती म्हणाली. "तुम्ही सुताचा फरक पडू देत नाही."

माझी बायको म्हणायची, तुझ्या तोंडून 'माझं चुकलं' ऐकायचं तर मला स्वर्गाच्या दारात वाट बघत थांबावं लागेल. मी सुनेला उताराचं सगळं सांगितलं. पाणी कसं गेलं, नळीनं काय निघालं. पण ते तीन शब्द तेव्हाही नाही आले. मी म्हटलं, "जमीन खाली होती." जशी जमीन आपोआप खाली गेली.

"कधी कळलं?"

"काल."

"आणि काल रात्री आपण एकत्र जेवलो."

"हो."

तिनं टेप गुंडाळला. "मोजण्यात चुकलात त्याचं मला काही नाही, पप्पा. मी स्वतः तपासायला हवं होतं, तो माझा गाढवपणा. पण मी रोज म्हणत होते, मी कमी पडते, मी कमी पडते. तुम्ही ऐकत होता. आणि काल कळल्यावरही तुम्ही मला तेच म्हणू देणार होता."

मी चहाचा कप उचलला आणि परत पायरीवर जाऊन बसलो.

ती वाडीत गेली. केळीत उभी राहिली, पाठमोरी. अर्ध्या तासानं परत आली, रेघेवर उभी राहिली आणि सुरू केलं. त्या दिवसापासून रायफल ती स्वतःच उघडायची, स्वतःच बघायची, स्वतःच म्हणायची, "रिकामी." मी पायरीवर बसायचो. तेवढं तिनं बंद केलं नाही.

वर्षाच्या मिस्सेला फादर बायकोबद्दल चांगलं बोलले. घरी माणसं आली, जेवली. सून सगळ्यांशी हसून बोलली. माझ्याशी कामापुरतं. कोळीण सुरमई घेऊन आली होती, ती एकदा माझ्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघून म्हणाली, "घरात कुनी अजून मेला काय?" सुनेनं तिच्या हातातली सुरमई घेतली आणि आत गेली.

पंधरा दिवसांत अंग किती बदलतं? भिंतीचा बाक दिसला की पाडून परत चढवता येते. माणसाचं तसं नाही. टिकटिक पुन्हा कमीजास्त व्हायला लागली. मी ऐकत होतो.

फेरीच्या दिवशी सुनेची ती रायफलवाली मैत्रीण विरारहून गाडी घेऊन आली. फेरी संपली की रायफलीचा निकाल, हे तिघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, मी येतो. सुनेनं नाही म्हटलं नाही. मी इस्त्रीचा शर्ट घातला, मयताला घालतो तो. दुसरा चांगला नाही.

रेंज म्हणजे एक लांब खोली. एका बाजूला पोरं-पोरी रांगेत, जाड कोट घालून, आणि समोर दहा मीटरवर टार्गेटांची रांग. बघणाऱ्यांनी मागे खुर्च्यांवर बसायचं, बोलायचं नाही. मी आधी जमीन बघितली. सवयच. सपाट होती, चांगल्या माणसानं केलेली.

सून सगळ्यांत मोठी, बाकीच्या तिच्या विद्यार्थिनी शोभतील. साठ नेम. मला गुणांतलं कळत नव्हतं, मी तिच्या पाठीकडे बघत होतो. वीसपर्यंत पाठ सरळ. तिसाव्याला तिनं रायफल खाली ठेवली, पाणी प्यायली. चाळिसाव्याला पाठ धरली, मला कोटातूनही दिसलं. ती थांबली, हात झटकले, पाय उचलून पुन्हा टेकवले, आणि पुन्हा उभी राहिली. शेवटचे दहा तिनं इतके सावकाश मारले की बाजूच्या मुली आवरून निघून गेल्या होत्या.

दोन गुणांनी राहिलं.

ती रायफल पुसून पेटीत ठेवत होती. तिनं पेटी बंद केली, दोन्ही कड्या लावल्या आणि मैत्रिणीच्या पुढे सरकवली. "घे," ती म्हणाली. "मी कमी पडले."

मी उठलो. तिथं ते सर होते, पाच-सहा पोरी, त्यांचे आईबाप. मी काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"ती कमी पडली नाही," मी म्हटलं. आवाज मोठा निघाला, साइटवर निघतो तसा. "टार्गेट मी लावलं होतं. मी गवंडी आहे. जमिनीचा उतार माझा, मोजणं माझं. पाच महिने तीन इंच खाली लावलं होतं. कळल्यावर लपवलं. माझं चुकलं."

सर म्हणाले, "तरीच." मैत्रीण माझ्याकडे बघत राहिली.

"काका, हे मला कशाला सांगता? तिला सांगा."

"तिला अर्धं सांगितलं होतं. उरलेलं हे." मग म्हटलं, "रायफल तुझी आहे. तू दुसरीला शब्द दिलास तो मोडायला मी सांगणार नाही. पण ती कमी पडली म्हणून नेऊ नकोस. माझ्यामुळे नेतेस असं म्हण आणि ने."

मैत्रिणीनं पेटीवर हात ठेवला. सुनेला म्हणाली, "शेवटचे दहा बघितलेस?"

"नाही."

"सगळ्यांत चांगले तेच आहेत. चाळीसनंतर तू काय केलंस?"

"पाय हलवले. सगळं नव्यानं उभं केलं. जुनं सोडून दिलं."

मैत्रीण सरांकडे गेली, दोघं बोलले. परत आली आणि म्हणाली, "त्या मुलीची परीक्षा आहे, तिला आत्ता लागणार नाही. पावसाळ्यापर्यंत ठेव. पुढचं पुढे. आणि घरचं टार्गेट मी येऊन मोजणार."

"नळी माझ्याकडे आहे," मी म्हटलं.

"नळी तुमची, डोळे माझे, काका."

येताना गाडीत मैत्रिणीच्या शेजारच्या सीटवर तिच्या पिशव्या होत्या, म्हणून आम्ही दोघं मागे बसलो. पेटी डिकीत मावली नाही. ती आमच्या मांड्यांवर आडवी, अर्धी तिच्या, अर्धी माझ्या.

"सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती?" सून खिडकीतून बाहेर बघत म्हणाली.

"होती."

"मला लाज वाटली."

"मलाही."

घोडबंदरच्या पुढे खाडीचा पूल लागला तेव्हा तिची मान कलली. दमली होती. पेटी तिच्या बाजूनं घसरायला लागली, म्हणून मी ती माझ्याकडे ओढून घेतली आणि दोन्ही हातांनी धरून बसलो. वजनदार असते. सांडोर येईपर्यंत हात भरून आले, पण बदलायला गेलो असतो तर ती जागी झाली असती.